नागपूर ते बंगलोर, पावणेदोन तास

४ ऑक्टो.
पल्लवीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे डोणगावला, यात चर्चा नाही. मोबाइलवर पाहिलं: बंगलोर-नागपूर हवाई अंतर नऊशे कि.मी.च्या आत, वेळ पावणेदोन तास. बसस्टँडवर तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावल्या, माझा हिशेब चुकत नाही. पारावर सांगून टाकलं, तुम्ही अकोल्याला पोचेपर्यंत पोरगी बंगलोरहून येते.

७ ऑक्टो.
पल्लवीचा फोन. तिच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, विमानतळापासून माहेर किती लांब? तिने खरं ते सांगितलं. नागपूरहून गाडीने सव्वातीन तास. तिकडे घरून विमानतळ दोन तास, वर दोन तास आधी जाऊन बसा. माझे पावणेदोनाचे झाले नऊ. बी.पी. वाढलंय, एवढा प्रवास नको म्हणाल्या.
मी नुसतं विमान मोजलं. हाताखालच्या कंट्रोलरने असं केलं असतं तर फैलावर घेतला असता.  

८ ऑक्टो.
सकाळी चहा देताना सौ. म्हणाली, "तिनंच काऊन यावं? आपून जाऊ. अंतर इकडूनबी तेवढंच हाय."
अंतराचं मान्य. पण लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. वडिलांनी पाळला, मी पाळतो. लग्नाला तीन वर्षं झाली, तिचं घर अजून पाहिलं नाही ते म्हणूनच.
"मंग डबा घ्या सोबत. मी तं चालली."
तिकीट एकच काढा म्हणत होती. दोन काढली. अशा वेळी पोरीपासून लांब बसणं मला जमणार नाही.

१५ डिसें.
उद्या निघायचं. तीन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याच्या दोन बाटल्या. बाळाची तारीख तीन आठवड्यांवर. चौथ्या दिवसाचं सौ. विचारत नाही, मीही काढत नाही.

१६ डिसें. बंगलोर.
बाटल्या नागपूरलाच तपासणीत काढून घेतल्या. हेही हिशेबात नव्हतं. बाकी विमान पाच मिनिटं आधी टेकलं. तो आकडा तरी माझा खरा.
पल्लवीचे पाय सुजलेत. तरी स्वतः पाणी घेऊन आली. सौ.ने एका दमात ग्लास रिकामा केला. मी पोरीला बस म्हणालो, तर बसेना.
"बाबा, माहेर चालून आलं न इथं? मंग आता हे घर कोणाचं?"
मी ग्लास हातात घेतला, तेव्हा कुठे बसली.
आता दोघी आत आहेत, हसण्याचा आवाज येतोय. ग्लास समोर आहे, भरलेला. घसा पार कोरडा पडलाय.