मंगलाष्टके संपेपर्यंत

मालेगाव (जहांगीर), जि. वाशीम
सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप गोमतीताईस,
देवानंदचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या मंजूच्या लग्नाची पत्रिका शनिवारी मिळाली. वार, तारीख आणि मुहूर्त पंचांगाशी ताडून पाहिले. सर्व बरोबर आहे. जगदेवभाऊजींच्या गुडघ्याला आता आराम असावा. तुझ्या भावजयीची, वैजयंतीची, प्रकृती उत्तम आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट तुला कळवलेली नव्हती. सहा ऑक्टोबरला वाशीमला माझे प्रोस्टेटचे ऑपरेशन झाले. आज सात आठवडे पूर्ण झाले. पोटावर टाका नाही. लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून लेझरने वाढलेली गाठ काढली. डॉक्टरांनी आपल्याकडचाच दाखला दिला : संत्र्याची साल जागेवर ठेवून आतला गर सोडवून घ्यायचा.

दुखणे चार वर्षांचे. बाजार समितीतल्या तोलकाट्यांची तपासणी कोणत्या क्रमाने करायची, हे मी लिहून भिंतीवर लावले आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र सहा महिने लघवी मापाने मोजून, वेळेसह वहीत टिपत राहिलो आणि वही कपाटात कुलूपबंद ठेवली. साफसफाईत ती वैजयंतीला सापडली.

"हे काय लिहून राह्यले तुमी? डॉक्टरले दाखवाचं सोडून कपाटाले दाखोता का?"

वही घेऊन मी वाशीमच्या डॉक्टरांकडे गेलो.

भीती ऑपरेशनची नव्हती, नंतरची होती. आपले माणिकरावकाका आठवतात ना? ऑपरेशननंतर वर्षभर त्यांचे धोतर कोरडे राहिले नाही. ते देवळातही येईनासे झाले. मी डॉक्टरांना हे स्पष्ट विचारले. त्यांनीही स्पष्ट सांगितले की, पूर्वी प्रत्येक सर्जन आपापल्या सवयीने गाठ सोडवत असे. लघवी रोखून धरणारा स्नायू गाठीच्या टोकाला लागून असतो. गाठ आधी ओढली तर तो ताणला जातो. आता त्यांच्याकडचे तिन्ही सर्जन बसून ठरवलेल्या एकाच क्रमाने काम करतात. स्नायूलगतचा भाग आधी मोकळा, गाठ नंतर. प्रत्येक पायरी नर्स मोठ्याने वाचते आणि "झाले" ऐकल्याशिवाय पुढची वाचत नाही.

"गळती होणारच नाही, असे लिहून देत नाही," डॉक्टर म्हणाले. "क्रम मोडणार नाही, एवढे सांगतो."

कमरेखालचा भाग बधिर केल्यामुळे मी जागाच होतो. सर्व ऐकत होतो. मध्येच सपना नावाची नर्स म्हणाली, "सर, थांबा. तिसरी पायरी झाली म्हून तुमी बोलले नाई."

"झालीच आहे जवळपास."

"जवळपास असं नाई लिवलं इथं."

कोणीतरी खुदकन हसले. मोठे डॉक्टर म्हणाले, "बरं बाई, मागे येतो." आणि खरोखरच मागे आले. काही वेळाने "झाले" असे ऐकू आले. ताई, एवढ्या अनुभवी माणसाला तिथे कोणी थांबवू शकते, आणि तो थांबतो, हे ऐकून मी त्या टेबलावरच निर्धास्त झालो.

पहिले दोन आठवडे थोडी गळती झाली. आता पूर्ण कोरडा आहे. झोप लागते.

आता, जे लिहिण्यासाठी एवढा कागद भरला, ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी राधिकाच्या लग्नात तिसऱ्या मंगलाष्टकाला मी तिच्या मागची जागा सोडून गेलो. परतलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. तू चारचौघांत विचारलेस, "पोरीले उभी सोडून कुठी गेलता रे? मामा हायेस का पाहुणा?" मी म्हणालो, बाजार समितीतून फोन आला होता.

फोन आला नव्हता. मी मांडवामागे कडब्याच्या गंजीआड उभा होतो. मंगलाष्टके ऐकू येत होती आणि लघवी उतरत नव्हती. माझ्या लेखी ऑफिस भाचीपेक्षा मोठे आहे, असा तुझा समज झाला. तो मी राहू दिला, कारण खरे सांगण्यापेक्षा ते सोपे होते. दोन वर्षे तुझे बोलणे बंद राहिले, ते माझ्यामुळे.

मंजूच्या पत्रिकेत 'मामा' म्हणून आपल्या चुलतभावाचे, चंपतचे, नाव आहे. ते योग्यच आहे. दुरुस्ती मागत नाही. काल मात्र मी एसटीने तुमच्या वाटेवरच्या कारंज्याला जाऊन आलो. काम काहीच नव्हते. वाटेत एकदाही उतरावे लागले नाही, एवढेच पाहायचे होते.

चार डिसेंबरला लग्नासाठी मी धनजला येईन. चंपतच्या मागे उभा राहण्याची परवानगी दे. नाही म्हणायचे असेल तर भाऊजींकरवी कळव. मग मांडवाबाहेर उभा राहीन, पण शेवटची अक्षता पडेपर्यंत उभा राहीन. हे पत्र राधिकाला जसेच्या तसे वाचायला दे. तिचीही माफी मागायची आहे.

तुझा खोटे बोललेला, आता बरा झालेला धाकटा भाऊ,
देवानंद