वरचे चार मजले सुटे

४ ऑगस्ट, सोमवार

ताईने घर घेतलं. टोकन देऊन आली. नववा मजला, डावीकडून दुसरं. माझ्याच इमारतीत — म्हणजे जिचं मॉडेल मी केलं, जे बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली ठेवलंय, तिच्यात.

आली ती चपला काढायच्या आत सांगून मोकळी. आधी का नाही बोललीस विचारलं तर म्हणते, 'तुला चकित करायचं होतं.' झालो चकित. जेवत होतो, ठसका लागला. बायको म्हणाली, पाणी प्या. प्यालो.

चौतीस वर्षं इस्पितळात काढलेली बाई, शेवटची अकरा हेडनर्स म्हणून. डॉक्टरलासुद्धा दोनदा विचारल्याशिवाय औषध द्यायची नाही. घर घ्यायचं ठरवल्यावर तिने एक वही केली. 'घेण्याआधी काय बघायचं' — बावीस प्रश्न. जमीन कुणाच्या नावावर, आधी कुणाच्या होती, ते वकिलाकडून तपासून घेतलं. सांगितलेली जागा किती आणि भिंतींच्या आत प्रत्यक्ष किती, ते लिहून घेतलं. पाणी कसं येतं हे बिल्डरला विचारलंच नाही, शेजारच्या इमारतीत भांडी घासणाऱ्या बाईला विचारलं. त्याच बिल्डरच्या जुन्या इमारतीत जाऊन लिफ्टने सहादा वरखाली केलं. नमुन्याच्या फ्लॅटमधला पलंग टेपने मोजला. साडेपाच फूट निघाला. 'खोली मोठी दिसावी म्हणून पलंग आखूड केलात, मी पाय काय गॅलरीत ठेवू?' शेठला, म्हणजे त्या बिल्डरला, भर ऑफिसात विचारलं म्हणे.

जेवताना हे सगळं रंगवून सांगत होती. आम्ही हसत होतो. मीही हसलो.

त्या इमारतीला सातच मजल्यांची मंजुरी आहे. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

कामात लक्ष नाही. दोन खिडक्या उलट्या चिकटवल्या.

फेब्रुवारीत शेठने बोलावलं होतं. समोर शिक्क्याचा नकाशा, सात मजल्यांचा. आणि बाजूला साधा, बिनशिक्क्याचा — अकरा. म्हणाले, 'मॉडेल अकराचं करा. पण वरचे चार सुटे ठेवा. कोणी तपासायला आलं तर उचलता आले पाहिजेत.' मी विचारलं, मंजुरी? 'येईल हो. सगळ्यांची येते.'

मी काय केलं? हो म्हणालो. नुसतं हो म्हणालो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मला ते काम आवडलं! आठव्या मजल्याच्या गॅलरीची पट्टी असते ना, तिच्या खाली जोड लपवला. पितळेच्या चार पिना. दिव्यांच्या तारांना मधेच एक छोटा प्लग, म्हणजे मजले उचलले की वरचे दिवे आपोआप सुटतात. जो फ्लॅट विकला जाईल त्याचा दिवा लावायचा, ही त्यांची पद्धत. आठ दिवस नुसता तो जोड घासत बसलो होतो. हाताला लागत नाही, नखालाही लागत नाही. इतका बेमालूम जोड आयुष्यात केला नव्हता.

मार्चमध्ये मॉडेल बसवायला गेलो तेव्हा तिथली काउंटरवरची मुलगी बघत उभी होती. म्हणाली, 'काका, वरचं सुटं का हो?' म्हटलं, धूळ पुसायला सोपं पडतं.

९ ऑगस्ट, शनिवार

फोन आला. ताईच्या फ्लॅटचा दिवा लावायचा होता. माझंच काम. लावला.

काउंटरवर नवीन मुलगी आहे. पहिली कुठे गेली विचारलं तर शेठ म्हणाले, 'गिऱ्हाइकांशी घरच्यासारखी बोलायची. अशी माणसं धंद्यात चालत नाहीत.' मी त्यावर मान डोलावली. का डोलावली कोण जाणे. सवय.

शेठ खुशीत होते. 'तुमच्या ताई म्हणजे आमच्याच ताई.' मी विचारलं, सातव्याच्या खाली काही उरलंय का, तिला गुडघ्याचा त्रास आहे. म्हणाले, खालचं सगळं गेलं, आणि लिफ्ट आहे की. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. पुढच्या तीन मॉडेलांचं काम तुम्हालाच आहे, म्हणाले.

१३ ऑगस्ट, बुधवार

ताई आमच्याकडे राहायला आली. जुन्या दोन खोल्या विकून टाकल्या. ताबा मिळेपर्यंत इथेच. दोन ट्रंका, एक शिवणयंत्र, आणि एक खोका — त्यात माझं पहिलं घर!

मी आठ वर्षांचा होतो, ती नुकती नोकरीला लागली होती. इस्पितळातून इंजेक्शनांची रिकामी खोकी आणायची. त्यांचं मी घर केलं होतं. अजून जपून ठेवलंय. छप्पर उचलून बायकोला दाखवत होती, 'हे बघ, जिना आतूनसुद्धा केलाय. कुणाला दिसणार नव्हता तरी केलाय. हा नसलेलं करत नाही आणि असलेलं सोडत नाही.'

मी चहा ठेवतो म्हणून उठलो. स्वयंपाकघरात उभा राहिलो नुसता.

१७ ऑगस्ट, रविवार

बायकोला सांगितलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. चिमटे हातात धरून ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडेल. नाही ओरडली.

'कधी सांगणार?'

म्हटलं, तूच सांग ना.

'मी सांगितलं तर नणंद-भावजयीचं होईल, आणि खरं राहील बाजूला. तुम्ही केलंत, तुम्ही सांगा. करारनाम्याच्या आत.' करारनामा एकोणतीसला आहे. टोकन बुडालं तर बुडालं, घराचे पैसे तरी बुडायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. बरोबर आहे. तिचं नेहमीच बरोबर असतं. त्याचाही राग येतो.

२० ऑगस्ट, बुधवार

नाही सांगितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शेठचा सकाळीच फोन. तपासणीला पालिकेचे साहेब येतायत, या लगेच.

गेलो. काच काढली. दोन्ही हातांनी धरून वरचे चार मजले उचलले. प्लग सुटला, वरचे चौदा दिवे एकदम गेले. डावीकडून दुसरा, नववा मजला — तोही. मजले चादरीत गुंडाळून टेबलाखाली ठेवले. सातव्यावर गच्चीचं झाकण बसवलं, पाण्याची टाकी बसवली. तेही मीच करून ठेवलं होतं.

साहेब आले. मॉडेलभोवती फिरले. म्हणाले, काम सुंदर आहे, कुणी केलं? शेठने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. पायाशी ताईचं घर चादरीत.

ते गेल्यावर मजले परत बसवायला घेतले तेव्हा आत नजर गेली. खालच्या सात मजल्यांत जिना आहे, पायरी न पायरी केलीय. वरच्या चारांत नाही. पोकळ. शेठ तेव्हा म्हणाले होते, आतलं कोण बघतंय? आणि मी सोडून दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा सोडला होता. म्हणजे माझ्या हातांना तेव्हाच कळलं होतं, तोंडाला तेवढं कळलं नाही.

प्लग लावला. तेरा दिवे लागले. ताईचा लागेना. तार सुटली होती. अर्धा तास बसून जोडली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज सांगायचंच म्हणून ताईला फिरायला घेऊन गेलो. बागेत बाकावर बसलो. म्हटलं, ताई, एक बोलायचं होतं. म्हणाली, मलाही. आणि सुरू झाली — शिवणयंत्र खिडकीशी ठेवणार, नवव्या मजल्यावर वारा असेल, चौतीस वर्षं वॉर्डात फिनेलचा वास घेतला, आता जरा वारा खाऊ दे. वॉर्डातल्या बाया यायच्या म्हणतायत घर बघायला. मग म्हणाली, 'तुझं काय?'

म्हटलं, काही नाही, नवीन चष्मा करायचाय.

चष्मा! परतताना ती दोन दुकानांत भाव विचारत होती. मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

भीती कशाची आहे हे लिहून तरी बघू. शेठचं काम जाईल ही आहेच, घर त्यावर चालतं. पण तेवढी नाही. जगात एकच माणूस असं आहे की ज्याला वाटतं मी नसलेलं करत नाही. ते माणूस जाईल. आणि मधूनमधून मी स्वतःलाच सांगतो, येईलही मंजुरी, सगळ्यांची येते. शेठचं वाक्य शेठच्याच सुरात म्हणतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

बायको माझ्याशी बोलत नाही. ताईला वाटतं आमचं तिच्या राहण्यावरून वाजलंय. 'थोडे दिवस काढा माझ्यासाठी,' म्हणाली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

झालं.

सकाळी ताई न्हायला गेली होती. वही टेबलावर उघडी. बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे उत्तर, तारीख, कुणाकडून कळलं त्याचं नाव. चार्ट लिहावा तसं. सतरावा प्रश्न — 'मंजूर नकाशा पाहिला का? शिक्का, मजले.' पुढे लिहिलंय, 'नकाशा आर्किटेक्टकडे आहे म्हणतात. भावाने पाहिलाय. त्यावरूनच केलं त्याने.'

तेवढ्याच एका उत्तरापुढे तारीख नाही.

ठरवलं, बाहेर आली की सांगायचं. ती बाहेर आली, केस पुसत म्हणाली, 'चल, उशीर होतोय. आणि तुझं ओळखपत्र घे. साक्षीदार लागतो, तुझं नाव दिलंय.'

गेलो. नोंदणीच्या खोलीत पंखा नव्हता. ताई प्रत्येक पान वाचून सही करत होती, कारकून वैतागला होता. मग माझी पाळी. साक्षीदार म्हणून सही, अंगठा, फोटो. अंगठ्याची शाई अजून गेली नाही. हे लिहितोय त्या पानालाही लागलीय.

३० ऑगस्ट, शनिवार

बायको माहेरी गेली. ताईला म्हणाली, आईची तब्येत बरी नाही. मला काही म्हणाली नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

बायको परत आली. माझं ताट वाढते. बोलत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ताई दर शुक्रवारी साइटवर जाते, छत्री टेकत. वॉचमनला ती आता तोंडपाठ. 'पाचवा स्लॅब पडला,' 'सहावा पडला.' आज सातवा. वहीत नोंद केली. म्हणाली, अजून दोन, की मग माझी जमीन.

मी मॉडेलाची झाडं करत होतो. स्पंजची. एक झाड नीट होईना आज.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

ताई म्हणाली, साइटवर माणसं कमी दिसतात. सुट्टीवर गेली असतील, मी म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

साइट बंद. फाटकाला कुलूप, कुलपाच्या वर पालिकेचा कागद. सातव्याच्या वर विनापरवाना बांधकामाची तयारी, काम थांबवण्यात येत आहे, वरच्या मजल्यांचे सर्व करार खरेदीदारांनी आपल्या जबाबदारीवर — असं बरंच. ताईने सगळा कागद वहीत उतरवून आणला, उभ्याने, छत्री काखेत धरून. शेठचा फोन बंद. ऑफिसला कुलूप. मॉडेल आत काचेखाली आहे, म्हणाली. दिवे चालू आहेत.

वकील म्हणतो, कोर्टात दहा वर्षं जातील. ताई एकसष्ट.

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. सगळं. शिक्क्याचा नकाशा, पिना, प्लग, चादर, जिना. बायको दारात उभी होती.

ताईने एकदाही मधे तोडलं नाही. मी म्हटलं, बोल काहीतरी, मार मला. तिने खोक्यातून ते इंजेक्शनांच्या खोक्यांचं घर काढलं, छप्पर उचलून आत बघितलं, परत ठेवलं. मग आत जाऊन झोपली. दुपार होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

ताई सकाळी चहाला बाहेर आली. म्हणाली, टोकन द्यायला गेले होते त्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने मला बाजूला घेतलं होतं. 'मावशी, सातच्या वर मंजुरी नाही, घेऊ नका,' हात धरून म्हणाली. मी तिला म्हटलं, माझ्या भावाने केलीय ती इमारत, तुला काय कळतं. वर शेठला जाऊन सांगितलं, तुमची मुलगी गिऱ्हाइकांना खोटंनाटं सांगते. माझ्यासमोरच तिला काढली त्यांनी. पर्स उचलून गेली बिचारी.

चहा पूर्ण प्यायली. कप विसळून ठेवला. म्हणाली, 'तिचा पत्ता मिळतो का बघ. तेवढं काम कर माझं.'