पाचुंद्याच्या पोटात पाच

लासुर्णे, ता. १२ फेब्रु. ५६
मॅट्रिकचं बीजगणित पुन्हा अडलं. गेल्या वर्षी यातच गेले. सासूबाईंनी सांगून टाकलंय, "अवंदा न्हाय झालं तर मास्तरीण व्हायचं याड सोडायचं." ह्यांचं काय, आईपुढं मान खाली.
अंकांची उदाहरणं तर माझ्या राशीलाच लागलीत. दशकाचा अंक क्ष, एककाचा य, तर संख्या म्हणे दहा क्ष अधिक य. का? मास्तर म्हणतात, "पाठ कर." मेलं पाठ तरी किती करायचं!

ता. १९
रानात कडबा बांधायला. पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा, उरलेल्या सुट्या. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, तोंड का उतरलंय?" सांगितलं. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण नीट ऐकलं. दोन पाचुंदे, तीन सुट्या पेंढ्या पुढं मांडल्या. "दिसाया दोनच हायती, पन पाचुंद्याच्या पोटात पाच हायती. तुज्या दशकाच्या पोटात बी काय तरी आसंल की!"
अगं बाई! दहा! एवढंच होतं होय!
घरी येऊन उदाहरणांचा सपाटा लावला. सगळी बरोबर.

बारामती, ता. १४ मार्च
बी.ग. पेपर. आबा एस.टी.नं सोबत. फाटकाशी म्हणाले, "भिऊ नगं. पोटात पाच, ईसरू नगं."
उदाहरण तेच. अंकांची बेरीज आठ, अदलाबदल केली की संख्या छत्तीसनं वाढते. आणि हातानं लिहिलं काय? पाच क्ष अधिक य! दशकाचा अंक आला वजा अर्धा. खोडलं, मांडलं, परत वजा अर्धा. घंटा.
पायऱ्या उतरताना चूक कळली, दहाच्या जागी पाच! बाहेर आबा पेरू घेऊन उभे. "आलं का पोटातलं?"
"आलं," म्हटलं. तो चेहरा बघून दुसरं काय बोलणार...

लासुर्णे, ता. १७
आबांनी कौतुकानं मास्तरांना गाठलं. दशकाच्या पोटात दहा, हे तिथं कळलं. तडक घरी आले. "तू काय ल्हिलंस?"
सांगावं लागलं. फार वाईट वाटलं. त्यांनी मायेनंच सांगितलं होतं ना. आबा ओट्यावर बसून राहिले, जेवायला हाक मारली तरी उठेनात.

ता. १८
सकाळी चहाला आबा सासूबाईंना म्हणाले, "ती नापास झाली तर ती न्हाय, म्या नापास. आनी येकदा बसू दे तिला."
सासूबाई फणकारल्या, "मग दोगं बी बसा परीक्षेला! भाकरी थापाया म्या हायेच."
हा होकार की राग, काही कळेना. ह्यांना विचारलं, तर हसले नुसते.
निकाल जूनमध्ये. बाकी पेपर बरा गेलाय. पास झाले तर पहिला पेढा आबांना. नाही झाले, तरी आबांना तोंड दाखवायची भीती नाही, पण सासूबाई...