मोजमापाचा कागद

ता. ९ मार्च

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, आणि तीही. तुझा चषक दाखवल्याशिवाय ती पाहुण्याला चहा देत नाही. तुझं शिबिर कसं चाललंय?

जिंकलीस त्या दिवशी दादा धड हसलासुद्धा नाही, असं तुझ्या वहिनीला म्हणालीस म्हणे. हसणार कसा? मला त्या संघटनेचाच संशय होता. म्हणे जागतिक अजिंक्यपद! डार्ट्सच्या जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या संघटना एक सोडून अनेक. उद्या मी चार सुतार गोळा करून फळीवर ‘जागतिक’ रंगवलं, तर अडवणार कोण?

म्हणून परवा सचिवांकडे जाऊन थडकलो. बोलताना सारखा टाय चाचपतो तो माणूस. म्हटलं, पाणी मुरतंय इथे. सरळ विचारलं, "साहेब, स्पर्धा अधिकृत कशावरून?"

त्यांनी न चिडता फाइल काढली. सभासद देशांची यादी, पात्रता फेऱ्यांचे निकाल, पंचांचे परवाने. एकेक कागद उजेडात धरून पाहिला. खोट काही सापडेना. माझीच चिडचिड झाली.

मग म्हणाले, "आणि हा मोजमापाचा कागद. हा नसेल तर बाकीची सगळी रद्दी. सही तुमचीच आहे की!"

स्पर्धेच्या हॉलमधला बोर्ड मी लावला, उभं राहायची रेघ मी मारली, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी सहज विचारलं, "बोर्डाच्या तोंडापासून मोजलंत ना? नवखे लोक भिंतीपासून मोजतात."

"छे हो, म्हणजे काय!" म्हटलं आणि सटकलो.

भिंतीपासूनच मोजली होती गं. वीस वर्षं कपाटं लावतोय, टेप आपोआप भिंतीला टेकतो. घरची तुझी रेघही तशीच मारलीय. बोर्डाच्या जाडीएवढी, दोन बोटं पुढे. तुझा हात त्याच अंतराला बसलाय. म्हणून बाहेरगावी पात्रता फेरीत रडतखडत निघालीस आणि इथे एकदम वाघीण. शिबिरात डार्ट खाली जातायत म्हणालीस ना, तो थकवा नाही.

अंतिम सामन्यात त्या समोरच्या पोरीचे डार्ट सारखे जरासे वर जात होते. मी रेघेकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, आणि चूक ध्यानात आली. पंच चार पावलांवर होते. तू जिंकत होतीस, म्हणून मी गप्प बसलो.

संघटनेवर संशय कसला, चोराच्या मनात चांदणं! त्यांची काही लबाडी निघाली असती तर माझी चूक झाकली गेली असती, एवढ्याचसाठी सगळी धडपड. लाज वाटते मला.

आज सकाळी सचिवांना सगळं लेखी दिलं. तुला आधी विचारलं नाही. तू ‘नको’ म्हणाली असतीस, तर मी ऐकलं असतं. निकाल रद्द होतोय, सामना पुन्हा खेळवतील. घरची रेघ मी खरवडून काढलीय, नवी मारलेली नाही. ती तू स्वतः मोजून मार. माझ्या हातावर विसंबू नकोस.

शिव्या घालायला फोन कर, ऐकून घेईन. पण घरी ये.

खाली केलेली सही तरी खरी मान.

तुझा,
दादा