तुमच्या खुर्चीत बसून भरलेला फॉर्म

सर,

आज मी एका विद्यार्थिनीवर इतकी ओरडले की शेजारच्या लॅबमधून शिपाईकाका डोकावून गेले. ती कॅनडातल्या विद्यापीठात अर्ज करतेय. माझ्याकडून शिफारसपत्र हवं होतं, म्हणून स्वतःच लिहून, छापून घेऊन आली. म्हणाली, "मॅम, तुम्हाला काहीच त्रास नाही, फक्त सही करा ना." आपल्याकडे सगळेच असं करतात, तिचं काय चुकलं? ओरडायचं होतं ते तुमच्यावर, आणि तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

मला तुमचा राग येतो, सर. अजून येतो. तुमच्या शोकसभेत जो तो उठून एकच सांगत होता, सरांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते. नाही म्हटलं नाहीत, हे खरंच. मलाही कुठे म्हटलंत? एम.एस्सी.ला माहुलच्या, रिफायनऱ्यांच्या धुराने भरलेल्या हवेवरचा प्रकल्प मी तुमच्याच हाताखाली केला. आठ महिने तिथल्या इमारतींच्या गच्च्यांवर जाऊन नमुने गोळा केले, खोकत खोकत घाटकोपरला परत यायचे. जर्मनीत जाऊन याच विषयात पुढे शिकायचं, दुसरं काही डोक्यातच नव्हतं. अर्जातला एक फॉर्म मार्गदर्शकाने भरायचा होता आणि त्याची लिंक तुमच्या ईमेलवर आली होती. मुदतीचा शेवटचा दिवस. तुम्ही स्टाफरूममध्ये एफ.वाय.चे पेपर तपासताय, पुढ्यात कागदावर अर्धा वडा. मी चौथ्यांदा आठवण करते, तर तुम्ही खुर्चीतून उठता आणि कॉम्प्युटरकडे बोट दाखवता. "अगं, मेल उघडाच आहे. तूच भर ना! तुझं काम तुझ्याइतकं कुणाला माहीत?" आणि गठ्ठा उचलून खिडकीपाशी जाऊन बसता.

मग मी बसले तुमच्या खुर्चीत. बुद्धिमत्ता, चिकाटी, स्वतंत्र विचार, अशी आठ-दहा गुणांची यादी, आणि प्रत्येकापुढे चौकोन: असामान्य, उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, सरासरी. स्वतःला असामान्य म्हणायचं, तेही तुमच्या नावाने, तुमच्या पाठीमागे? आमच्या घरी पहिला नंबर आला तरी आई म्हणायची, "आपला कवतिक आपणच कित्याक करूचा? लोक हसतले." हात वर जाईचना. मी सगळीकडे 'चांगली'वर टिक केलं. चिकाटीपुढे तेवढं 'खूप चांगली', कारण माहुलच्या त्या गच्च्या आठवल्या. खाली दोन ओळी लिहिल्या: नियमित येते, सांगितलेलं काम करते. तुम्ही खिडकीतूनच विचारलंत, "झालं?" मी म्हटलं, झालं. "शाब्बास!" काय म्हणून शाब्बास, सर? एकदा उठून स्क्रीनकडे बघितलं असतंत तर पाय झिजले असते का?

दोन महिन्यांनी नकार आला, तीन ओळींचा. कारण कुणी सांगत नाही. पण आमच्याच वर्गातला मुलुंडचा मुलगा, ज्याने माझ्या वह्यांवर परीक्षा दिल्या, तो जर्मनीला गेला. त्याचाही फॉर्म त्यानेच भरला होता, त्याच खुर्चीत बसून. मी काय लिहिलं ते ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "यार, वाट लागली तुझी! सगळं वरचंच टिक करायचं असतं गं. तिकडे 'चांगली' म्हणजे कामाची नाही. तुला कोणी सांगितलं नाही?" नाही सांगितलं. सांगणारा माणूस खिडकीपाशी पेपर तपासत होता. पुढच्या वर्षी परत अर्ज कर, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी मला इथेच शिकवायची नोकरी लागली, आणि मग राहिलंच.

आज त्या मुलीचा कागद मी तिच्याच हातात परत कोंबला. तिला वाटलं मी नकार देतेय, तर ती रडायलाच लागली. "मॅम, प्लीज, उद्या लास्ट डेट आहे." मी म्हटलं, "अगं बाई, रडू नकोस. मी लिहिणारच आहे. पण मी लिहिणार, तू नाही." मग दोन तास बसून लिहिलं. तिचे प्रयोग, त्यांच्या नादात लॅबमध्ये केलेली तोडफोड, तिने मला वर्गात चुकीचं ठरवलं होतं तो दिवस. फॉर्ममध्ये चौकोन आले तेव्हा सगळ्यात वरच्यावर टिक करताना मला एक क्षणही लागला नाही. ती खरंच तशी आहे. तेव्हा तर तुमचा जास्तच राग आला. इतकं सोपं होतं हे!

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुम्ही शेवटचे इस्पितळात होता तेव्हा मी भेटायला आले होते. बोलण्याइतके शुद्धीवर होता. त्या दिवशी तुम्ही स्वतः फॉर्म भरला असता तर माझ्यासाठी कुठला चौकोन निवडला असता, एवढंच विचारायला आले होते. तुमच्या उशाशी अर्धा तास बसले, शुगर किती आहे विचारलं, मोसंबी सोलून दिली आणि निघून आले. तुम्हीही 'चांगली' म्हणाल, अशी भीती वाटली, सर.