वीस हजारांची रेघ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिच्या प्लेटलेट्स आज सकाळी वीस हजार. लॅबच्या मुख्य बाईंनी दोनदा मोजून खात्री केली आणि मगच कागद हातात दिला. माणसाला दीड लाखाच्या वर लागतात हे मी तुला काय सांगणार, तुझा जन्म रक्त तपासण्यात गेला. फोन हिच्या उशाशी असतो, म्हणून पत्र.

डॉक्टरबाई म्हणतात, हाडांतला रक्त बनवणारा कारखाना बंद पडलाय. हिच्या धाकट्या भावाची मज्जा जुळते, ती ताबडतोब घालू. पण त्याआधी हिची उरलीसुरली मज्जा औषधाने पार मारून टाकतात, आणि त्यातून सगळेच परत येत नाहीत. हे ऐकून हिने सहीचा कागद बाजूला सारला.

मग मी मला जमतं ते केलं. अठरा वर्षं दलालाच्या ऑफिसात शेअरच्या भावांचे आलेख काढतोय, भाव पुढे कुठे जाईल ते सांगतोय. तसाच हिच्या आकड्यांचा काढला. ताई, आजच्या आधी महिन्याभरात आकडा चार वेळा वीसवर आला आणि चारही वेळा तिथून उसळला! आमच्याकडे याला आधार म्हणतात. सिमेंट कंपनीचा शेअर असाच दोनशे दहावरून तीनदा परतला आणि मी सांगितलं होतं तसा तीनशेपार गेला. हिच्या वडिलांनी त्या नफ्यातून गळकं छप्पर नवं घातलं. तेव्हापासून हिचा माझ्या रेघांवर विश्वास. आलेख पाहून ही हसली, दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, आधार आहे तर थांबू. डॉक्टरबाईंना तसं सांगूनही टाकलंय.

आलेख सोबत जोडलाय. मी बरोबर आहे, एवढंच कळव.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त लागेल.
तुझा धाकटा

९ मार्च

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझा कागद मायक्रोस्कोपशेजारी ठेवून तीनदा पाहिला. तारखा तुमच्या लॅबच्या बाईंना फोन करून ताडून घेतल्या. आकडा वीसला वळतो, कारण वीस झाले की तिथल्या सिस्टर प्लेटलेट्सची पिशवी चढवतात. तो त्यांचा नियम आहे. वर गेलेले आकडे तुझ्या मास्तरीण बायकोचे नाहीतच, कुणा रक्तदात्याचे आहेत. पिशवी चढताना तू शेजारच्या खुर्चीत असतोस, तूच मागे लिहिलं होतंस. मग तुझ्या आलेखात त्या पिशव्यांना जागा का नाही?

तुमच्या धंद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण उसळीचे आकडे मी एका ओळीत लिहिले. सत्तेचाळीस, एकेचाळीस, तेहतीस, सव्वीस. पिशवी तेवढीच, उपयोग कमी कमी. तिचं शरीर परक्या प्लेटलेट्स मारायला शिकलंय. अशाच पिशव्या चढत राहिल्या तर उद्या भावाची मज्जाही ते नाकारेल, ही भीती वाढते. तू खालची रेघ ओढलीस. आता वरची टोकं जोड आणि सांग, एखाद्या शेअरचा असा आलेख समोर आला तर गिऱ्हाइकाला काय सांगशील?

तू घाबरलायस ते दिसतंय मला. पण ती पोरगी तुझ्या भीतीवर विसंबून थांबलीये आणि तिला ते माहीत नाही.

लोभ आहे, म्हणूनच इतकं खरमरीत.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

विकून टाका, असं सांगतो. खाली सपाट रेघ, वर उतरती रेघ, त्रिकोण मिटत आला की आधार तुटतो आणि भाव दगडासारखा पडतो. नवशिक्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो हे. ताई, वरच्या टोकांना मी पट्टी लावून पाहिली होती. पेन्सिल टेकवली नाही.

काल पिशवी चढूनही आकडा बावीसच्या वर गेला नाही. हिरड्यांतून रक्त येतंय. आता हिला सांगू कसं? हिचा सगळा धीर त्या एका कागदावर उभा आहे. तो काढून घेतला तर ही उपचाराला तयार होण्याऐवजी हातपाय गाळेल, असं वाटतं. आज जिन्यात दोनदा उभा राहिलो आणि दोन्ही वेळा आत जाऊन वर्तमानपत्र वाचून दाखवून आलो. तू ये, असं लिहिणार होतो. पण हे तुझ्या तोंडून गेलं तर मी पुन्हा हिच्यासमोर बसू शकणार नाही.

उद्या सांगतो. लोभ ठेव, मी त्याच्या लायक राहीन न राहीन.
धाकटा

१५ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अक्षर गिचमिड आहे, हाताला सुई लावलीये. विद्यार्थ्याचं असतं तर मीच मार्क कापले असते.

परवा यांनी माझ्यासमोर वरची रेघ ओढली. मग पिशव्यांचं सगळं सांगत सुटले. मी एवढंच विचारलं की अठरा वर्षांत शंभरातले किती अंदाज बरोबर आले. म्हणाले, बावन्न. सिमेंटवाला त्यातलाच एक. मी यांना खोलीबाहेर जायला सांगितलं.

काल दिवसभर यांना आत येऊ दिलं नाही. वन्सं, अंदाज चुकल्याचा राग नव्हता. मी घाबरू नये म्हणून हे माझ्याशी खोटं बोलत बसले आणि त्यात माझे दहा दिवस गेले. हा राग अजून आहे, बरी झाले की सावकाश काढणार आहे.

संध्याकाळी डॉक्टरबाईंना विचारलं, तुमचे शंभरातले किती घरी जातात? म्हणाल्या, दहा दिवसांपूर्वी सत्तर सांगितले असते, आता साठ म्हणते. मी म्हटलं, शंभरात बावन्न बरोबर येणाऱ्या माणसाबरोबर इतका संसार केला, तर साठवाल्या बाईंच्या कागदावर सही करायला काय हरकत आहे? केली. यांना आत बोलावून सांगितलं, तर हे इतके रडले की सिस्टरनी मला सोडून यांनाच पाणी दिलं.

भीती वाटते, वन्सं. रेघ होती तेव्हा वाटत नव्हती.

उद्या सकाळी आठला मला बंद खोलीत हलवतील. सहा दिवस औषध, सातव्या दिवशी भावाची मज्जा. आकडे आधी जवळजवळ शून्यावर जातील, आणि ते जायलाच हवेत. वर आलेच तर मज्जा घातल्यापासून तिसऱ्या आठवड्यात येऊ लागतील, त्याआधी कुणीच काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात. काचेपलीकडे एकाच माणसाला बसू देतात. यांनी रजा टाकलीये. तुम्ही रविवारी या, म्हणजे यांना तिथून जेवायला तरी उठवता येईल.

लोभ असावा, आणि त्यातला थोडा यांच्यासाठी राखून ठेवावा.
तुमची मास्तरीण