सातवा फवारा

प्रतापनगर, नागपूर
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

प्रिय उत्तरा,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील असं धरून पुढे लिहिते.

माझ्या टेबलावर एक कागद आहे. मयुरा बोंदरे नावाच्या प्रशिक्षणार्थी मुलीने तो काल लिहून दिला, आणि सोमवारी सकाळपर्यंत त्यावर मला सही करायची आहे. सही करण्याआधी तुला लिहिणं भाग आहे, म्हणून हे पत्र. फोन करणार नाही. तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी कामाचं बोलून ठेवून देईन.

आधी आपल्या प्रशिक्षण केंद्राची खबर. नवे संचालक आले आहेत, रोहित देशकर. वय चाळीसच्या आतलं, पण ऐकून घेतात. जैवसुरक्षेचा सहा आठवड्यांचा वर्ग चालू आहे, या वेळी चौदा जण. स्टोअरमध्ये खोक्यांवर तू लावलेल्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत. हातमोज्यांचा हिशोब तुझ्यानंतर कोणाला जमला नाही. हे कौतुक म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती आहे. तू सदर भागातल्या त्या पॅथॉलॉजीत काउंटरवर बसतेस असं कळलं. रिपोर्ट वाटतेस म्हणे. एकदा मी समोरच्या फुटपाथपर्यंत आले होते. बँकेत काम होतं.

माझं ठीक आहे. निवृत्तीनंतरचं कंत्राट मार्चमध्ये तिसऱ्यांदा वाढवलं. वजन थोडं उतरलं आहे. घरात गॅस बंद करून इंडक्शन आणलं, ते सोयीचं पडतं. रुखमाबाई धुणीभांडी करून जाते. दुपारी दोनला तिने दार ओढून घेतलं की दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत घरात कोणी बोलत नाही. मला त्याची सवय आहे.

आता मूळ गोष्ट. तुला यातलं सगळं माहीत आहे, पण क्रमाने लिहिल्याशिवाय मला लिहिता येत नाही.

काल मास्कची परीक्षा होती. पहिला टोप नेहमी मी घालते, म्हणजे पोरांची भीती जाते. मास्क न लावता, डोक्यावर तो पारदर्शक टोप, तोंड उघडं, जीभ किंचित बाहेर. मयुरा कडू द्रावणाचा फवारा आत मारत होती आणि मोठ्याने मोजत होती. कितव्या फवाऱ्याला कडू लागतं ते बघायचं. जिभेला कडू कळतं हे आधी सिद्ध झालं, तरच पुढे मास्क लावून तोच प्रकार करण्यात अर्थ. मास्क लावल्यावर कडू लागलं तर मास्क गळका.

"पाच... सहा... सात..."

"आली," मी म्हटलं. "कडू. लिहा."

माझा आकडा सात. २०१२ पासून सातच आहे. तुलाही पाठ असेल.

मग पियूष नावाचा मुलगा टोपाखाली बसला. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. "काहीच नाही लागून राहिलं," म्हणाला. मी म्हटलं, जीभ बाहेर काढ नीट. पुन्हा तीस. तेवढ्यात मयुराने फवारणीचा फुगा उघडून पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, याच्यात तं पाणी आहे. सकाळी मी धुतला अन् तसाच ठेवला. द्रावण भरायचं राहूनच गेलं."

चौदा माणसं माझ्याकडे पाहत होती. मग पियूषच ओरडला, "अबे, मॅडम आपली परीक्षा घेऊन राहिल्या! पाण्याले कडू म्हणून पाहिलं, कोणी पकडते का! आपण सगळे फेल!" सगळे हसले. टाळ्या वाजवल्या. मागून कोणी तरी म्हणालं, "बाप रे, काय डोकं आहे मॅडमचं!"

मी म्हटलं, "बरं. आता बरोबर भरा."

एवढंच म्हटलं. खोटं बोलले नाही. त्यांनी जे मानलं ते मानू दिलं.

आपला नियम तू विसरली नसशील: चूक झाली की त्याच दिवशी, कागदावर, स्वतःच्या हाताने. जे पाहिलं तेवढंच, अंदाज नाही. चारच्या सुमाराला मयुरा कागद घेऊन आली. ही मुलगी खापरखेड्याहून रोज बसने येते. वडील तिथल्या पॉवर हाउसमध्ये कंत्राटावर राख उपसायच्या कामाला आहेत. जानेवारीत एका प्रयोगशाळेत तिला जागा धरून ठेवली आहे, या प्रमाणपत्रावर. आणि उपकरण चुकीचं तयार करणाऱ्याने पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा परीक्षा द्यायची, म्हणजे मार्चमध्ये, हा नियम माझाच.

ती दारातच उभी राहिली. "मॅडम, तुम्ही खरंच परीक्षा घेत होत्या का? तसं असन तर तसं लिहू?"

पाहा, तिने मला दार उघडून दिलं होतं. 'ठरवून घेतलेली परीक्षा' असे तीन शब्द मी लिहिले असते तर तिची चूकही चूक राहिली नसती. तिची नोकरी वाचली असती. आणि माझंही वाचलं असतं.

मी म्हटलं, "जे पाहिलं ते लिही."

"तेच लिहिलं आहे," ती म्हणाली, आणि कागद पुढे केला. 'फवारणीच्या फुग्यात मी द्रावण भरले नव्हते, पाणी होते. सातव्या फवाऱ्याला प्रशिक्षकांनी कडू चव आल्याचे सांगितले.' खाली तारीख, वेळ, सही. एकही शब्द जास्त नाही. मी शिकवलं तस्सं.

जाता जाता वळली. "मॅडम, माझ्या आजीलेही नाही येत. कोरोनापासून. वरणात दोनदा मीठ टाकते अन् आम्ही खाऊन घेतो. काहून बोलायचं?"

मी तिला घरी जा म्हटलं. बस चुकेल म्हणाले.

आता ते लिहिते. मला चव येत नाही. वासही नाही. एप्रिल २०२१ पासून. आपण दोघी एकाच आठवड्यात आजारी पडलो होतो. तुझी गेली, तशीच माझीही गेली.

जूनमध्ये आपण परत आलो तेव्हाची पहिली परीक्षा आठव. आदल्या दिवशी तुझी, दुसऱ्या दिवशी माझी. तू टोप काढून हसत सुटलीस. "तीस झाले वं ताई, काहीच नाही! कारलं खाल्लं तरी दुधी वाटते मले!" मी म्हटलं होतं, हसण्यासारखं काही नाही. तू म्हणालीस, "मग काहून लपवू? जीभ गेली, नोकरी थोडीच गेली?"

रात्रभर मी विचार केला असं लिहिलं तर ते खरं ठरणार नाही. विचार करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी मी टोपाखाली बसले आणि सातव्या फवाऱ्याला हात वर केला. फवारा तूच मारत होतीस.

त्यानंतर तू अर्ज दिलास. चव गेलेल्यांची परीक्षा मशीनवर होऊ शकते, तेव्हा ते पुण्याला होतं. "मशीनले जिभेचं काय काम?" तू म्हणाली होतीस, आणि बरोबर होतीस. पण अर्जात तू फक्त स्वतःसाठी मागितलं नव्हतंस. आजारी पडून आलेल्या सर्वांना एकदा मशीनवर बसवा, असं लिहिलं होतंस. त्या 'सर्वांना' मध्ये मी होते; मशीनने माझा मास्क गळका दाखवला असता तर तो सातवा फवाराही उघडा पडला असता. म्हणून मी शेरा मारला: 'गरज नाही.' आणि तुला मास्कच्या कामातून काढून स्टोअरमध्ये बसवलं. नियमाप्रमाणे. नियमात बसत होतं ना सगळं.

चौदा महिने तू तिथे हातमोजे मोजलेस. मग राजीनामा दिलास. निघताना म्हणालीस, "ताई, तुमच्यासारखं नियमाने राहणं मले कधी जमलं नाही." तू ते मानाने म्हटलं होतंस. मला ते कळलं होतं, म्हणूनच मी निरोपाच्या चहाला थांबले नाही. खालच्या मजल्यावर तापमानाच्या नोंदी तपासत बसले. तुमच्या हसण्याचा आवाज जिन्यात येत होता.

एकोणीस वर्षं आपण एका टेबलावर डबा खाल्ला. माझ्या भाजीत मीठ कमी की जास्त हे मला तू सांगायचीस. आता मी मीठ चमच्याने मोजून टाकते, सपाट, पावशेराला अर्धा. बरोबर असतं की नाही कोण सांगणार? एकदा रुखमाबाईला वाटीभर भाजी दिली. "बाई, मीठच नाही टाकलं तुम्ही!" म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांनी बंद केलं आहे. त्यानंतर तिला दिली नाही. खाणं हे आता एक काम झालं आहे, आटोपून टाकण्याचं. गेल्या हिवाळ्यात दूध करपलं, घरभर धूर, आणि शेजारची काजल दार बडवेपर्यंत मी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. गॅस त्या दिवशी बंद केला. वर सोय म्हणून लिहिलं, ते खोडत नाही, राहू दे.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर हा माझा आणि तुझा प्रश्न राहिला असता. पण दर तुकडीच्या आधी द्रावणाची चव घेऊन ते ठीक असल्याची सही मीच करते. अकरा तुकड्या. एकशे शेहेचाळीस माणसं. ती आज कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत, माझ्या सहीवर विश्वास ठेवून मास्क लावत आहेत. कोणाला काही झाल्याचं ऐकलं नाही. पण काही झालं नाही याचा अर्थ सुरक्षित होतं असा नाही, हे मीच फळ्यावर लिहीत आले.

मशीन आता आपल्याकडे आहे, दीड वर्षापासून. कॅलिब्रेशन बाकी आहे असं सांगून मी ते खोक्यातच ठेवलं.

मी माफी मागत नाही. तू देशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मग ते फार स्वस्तात पडेल. तुला फक्त इतरांच्या आधी कळायला हवं होतं. हे पत्र आज रात्री बंद करत नाही. सोमवारचं लिहून मगच टाकीन.

---

सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपार

सही केली. मयुराच्या कागदाखाली लिहिलं: 'वरील नोंद खरी आहे. ही ठरवून घेतलेली परीक्षा नव्हती.' सोबत माझं दोन पानी निवेदन.

देशकर दोन्ही वाचत होते तेव्हा मी खिडकीकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, साडेचार वर्षं?" मी म्हटलं, हो. "कोणालाच सांगितलं नाही?" मी म्हटलं, घरी कोणी नाही, आणि इथे जी होती तिला मी काढलं. त्यांनी तुझा अर्ज मागितला. फाईल मी बरोबरच नेली होती. माझ्या शेऱ्यावर बोट ठेवून त्यांनी तो पुन्हा वाचला. मग विचारलं, "या उत्तराताई आता कुठे असतात?" मी सदरचा पत्ता दिला. शिफारस केली नाही. माझ्या शिफारशीने तुझं नुकसानच होईल. ते फोन करतील तेव्हा जे विचारायचं ते त्यांना विचार, अटी तुझ्या घाल.

मी घेतलेल्या सगळ्या परीक्षा रद्द. एकशे शेहेचाळीस जणांना पत्रं जातील. या चौदा जणांची परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्याने, दुसऱ्याच्या हाताखाली. त्यात मयुराही आहे. मार्चपर्यंत थांबायची गरज नाही तिला. हे तिला मी सांगितलं नाही, देशकरांनी सांगितलं. ती माझ्याकडे पाहून काही बोलणार होती, मी मान हलवली.

मग मी मशीन खोक्यातून काढायला लावलं आणि सगळ्यांसमोर बसले. मास्क माझा नेहमीचा, साडेचार वर्षं घातला त्याच मापाचा. नळी मयुरानेच जोडली. मास्कच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा किती पट स्वच्छ ते मशीन मोजतं; शंभरच्या वर आकडा यावा लागतो. माझा चौदा आला. मयुरा म्हणाली, "मॅडम, नाकापाशी आत ओढून बसवू का?" पुन्हा केलं. सोळा. गाल बसले आहेत, मास्क टेकतच नाही. साडेचार वर्षं मी तो लावून प्रयोगशाळेत जात होते आणि बाहेर येऊन इतरांना पट्टा नीट नाही म्हणून ओरडत होते.

पोरं पाय न वाजवता बाहेर गेली. त्यांनी चहा मागवला होता. माझा कप टेबलावर ठेवून गेली.

कार्यभार दिला. नोंदीची प्रत तुझ्यासाठी खाली उतरवून देते.

तुझी
पुष्पाताई

कार्यभार हस्तांतर, २४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.४०
परीक्षेचे टोप दोन, एकाला चीर. फवारणीचे फुगे चार. कडू द्रावणाच्या बाटल्या सहा, सर्व न तपासलेल्या समजाव्यात. मशीन एक, मूळ खोक्यासह. परीक्षा नोंदवह्या जून २०२१ पासून आजपर्यंत, अकरा. एकशे शेहेचाळीस जणांची यादी, पत्त्यांसह. मयुरा बोंदरे यांचा अहवाल, मूळ. श्रीमती उत्तरा यांचा जुलै २०२१ चा अर्ज, मूळ, शेऱ्यासह. किल्ल्या तीन.
घेणार: रोहित देशकर, संचालक.
देणार: पुष्पलता सावरबांधे. पदनाम: (रिकामे ठेवले).